बोलावणं आहे, पण पाट कुठाय?

बावधनला आमच्या शेजारी राहणारी मुलगी रात्री बारा वाजता मोबाईल घेऊन बसलेली असते. मला वाटलं, गावी जायचं एसटीचं तिकीट काढत असेल. विचारलं तर म्हणाली, "काकू, उद्याची खुर्ची बुक करतेय!"

खुर्ची? हो, स्वतःच्याच ऑफिसातली! मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, तशी ती लॅपटॉप घेऊन माहेरी गेली. तेवढ्यात कंपनीने भाड्याचे दोन मजले सोडून दिले. माणसं मात्र वाढली. आता सगळ्यांना परत बोलावलंय. चांदणी चौकातला नवा उड्डाणपूल ऑगस्ट 2023 मध्ये सुरू झाला, तरी हिंजवडीपर्यंतचं पंधराएक किलोमीटर काही सरता सरत नाही. पोचावं तर खुर्ची गेलेली. मग जिन्याजवळ मांडीवर लॅपटॉप घेऊन ती बंगळूरच्या सहकाऱ्याशी बोलते. म्हणजे घरी जे करत होती, तेच! मजल्यावर बायकांची स्वच्छतागृहं दोन, दुपारनंतर त्यांत पाणी नाही. "म्हणून मी पाणीच पीत नाही," ती सहज सांगून टाकते. लघवीच्या जळजळीवर दोनदा औषध घेऊन झालंय.

ही तिच्या एकटीची कथा नाही. 2020 मध्ये टीसीएसने जाहीर केलं होतं की, 2025 पर्यंत एका वेळी पंचवीस टक्केच कर्मचारी कार्यालयात लागतील. ऑक्टोबर 2023 पासून त्याच कंपनीने आठवड्याचे पाचही दिवस बोलावलं. ॲमेझॉनने जानेवारी 2025 पासून सर्वांना परत यायला सांगितलं आणि कित्येक ठिकाणी जागाच नसल्याने मुदत पुढे ढकलावी लागली.

मैत्रिणींनो, घरून काम म्हणजे स्वर्ग होता, असं मी म्हणणार नाही. मीटिंग चालू असताना कुकरच्या शिट्ट्या मोजणारी बाईच होती आणि 'घरीच तर असतेस' हे ऐकणारीही तीच. उलट ऑफिसने बाईला एक हक्काची जागा दिली. तिथे ती कुणाची सून नव्हती, कुणाची आई नव्हती. म्हणूनच ती जागा गेल्याचं दुःख मोठं. जेवायला बोलवायचं आणि पाट मांडायचा नाही, ही कुठली रीत?

कायदा काय म्हणतो? पिण्याचं पाणी आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह ही मालकाचीच जबाबदारी आहे. 2017 च्या दुरुस्तीने प्रसूती रजा बारावरून सव्वीस आठवडे झाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा बंधनकारक झाली. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. आता सांगा, जिथे बसायला खुर्ची नाही, तिथे पाळणा कुठे ठेवणार?

हे पुण्या-मुंबईचं दुखणं, आपल्याला काय त्याचं, असं म्हणू नका. तालुक्याच्या कचेरीत एका टेबलावर दोघी बसतात. शाळेत शौचालयाला कडी नसते. सकाळी निघताना चहा अर्धाच पिणाऱ्या कितीजणी आपल्यात आहेत!

आणि एक दिवस अशी बाई नोकरी सोडते. सगळे म्हणतात, 'तिला घर सांभाळायचं होतं.' खुर्ची नव्हती, नळाला पाणी नव्हतं, हे कुठेच नोंदलं जात नाही.

म्हणून एकटीने कुरकुरण्यापेक्षा चौघींनी मिळून लेखी मागा. खुर्च्या किती, माणसं किती, स्वच्छतागृहं किती, एवढा साधा हिशेब कागदावर मांडा. महिन्याचं वाणसामान पैशापैशाने जुळवणाऱ्या आपल्याला हा हिशेब का जड जावा? आणि हो, तोवर पाणी मात्र प्या. दुसऱ्याच्या हलगर्जीपणाची शिक्षा आपल्या शरीराला कशाला?