कंपायलर सर्वांचा, पण टेलपर्यंत पोहोचतो काय?

वरवंडच्या शिवारात पाण्याचा विषय निघाला की बोलणे धरणापाशी थांबत नाही. खडकवासल्यात साठा किती आहे यापेक्षा कालव्याने तो इथवर किती आला, व्हिक्टोरिया तलावात किती पडला आणि टेलच्या शेताला त्यातून काय मिळाले, याचाच हिशेब गावकरी मांडतात. साठा आणि वाटप या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे दौंड तालुक्याला कोणी शिकवावे लागत नाही. या तालुक्यातील मुले आता पदविकेच्या आणि पदवीच्या संगणक-वर्गांत बसू लागली आहेत. तेथे मात्र हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

या वर्गांत 'सी' भाषेतील पहिली आज्ञावली बहुधा जीसीसी या कंपायलरवर चालविली जाते. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो 1987 मध्ये प्रथम खुला केला. तो विनामूल्य आहे एवढेच त्याचे महत्त्व नव्हे. त्याची मूळ संहिता कोणीही वाचावी, बदलावी आणि बदललेली पुन्हा वाटावी, असा त्याचा परवाना आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत ही जवळजवळ निर्भेळ सार्वजनिक वस्तू होय. कालव्याचे पाणी वरच्या शेतकऱ्याने घेतले की खालच्याचे तेवढे कमी होते. येथे तसे काहीच घडत नाही. म्हणजे टेल कोरडे राहण्याचे कारणच उरू नये. तरीही ते कोरडे आहे, आणि त्याचे कारण समजण्यासाठी कंपायलरच्या पोटात थोडे डोकावणे भाग आहे.

कंपायलर हा दुभाषी आहे. माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरविणे हे त्याचे काम. त्याचा पुढचा भाग, ज्याला फ्रंट-एंड म्हणतात, तो शब्द ओळखतो, वाक्यरचना तपासतो, अर्थाचा मेळ लावतो आणि सारे एका मधल्या रूपात मांडतो. मागचा भाग त्या रूपावरून विशिष्ट यंत्रासाठी आज्ञा तयार करतो. ही विभागणी किती किफायतशीर आहे ते वरवंडच्या पश्चिमेचा चौफुला पाहिला की ध्यानात येते. प्रत्येक गावाहून प्रत्येक गावाला स्वतंत्र रस्ता बांधीत कोणी बसत नाही. रस्ते चौफुल्याला मिळतात आणि तेथून फुटतात. पाच भाषा आणि सहा प्रकारची यंत्रे असतील तर एरवी तीस दुभाषे लागले असते. मधल्या रूपामुळे पाच पुढचे आणि सहा मागचे, असे अकरा भाग पुरतात.

या अकरांपैकी माणसाशी बोलतो तो फक्त पुढचा भाग. विद्यार्थी ओळीच्या शेवटी सेमिकोलन विसरतो. जुना जीसीसी त्याला सांगत असे, 'एक्स्पेक्टेड सेमिकोलन बिफोर रिटर्न', आणि बोट ठेवीत असे पुढच्या ओळीवर. चूक एकीकडे, बोट दुसरीकडे. मुलगा निर्दोष ओळ तासभर न्याहाळीत बसे. 2007 मध्ये क्लँग हा दुसरा मुक्त फ्रंट-एंड खुला झाला. चूक नेमकी जेथे आहे तेथे बाणाची खूण करून समजेल अशा शब्दांत सांगणे, हे त्याने आपले वैशिष्ट्य मानले. स्पर्धा निर्माण झाली आणि 2013 मध्ये जीसीसीनेही तशी खूण दाखविण्यास आरंभ केला. मक्तेदारी मोडल्यावर ग्राहकाला लाभ होतो हे पाठ्यपुस्तकातील विधान फुकटच्या वस्तूलाही लागू पडावे, ही मौजेची गोष्ट आहे.

क्लँग ज्या एलएलव्हीएम प्रणालीवर उभा आहे, तिची पायाभरणी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर आणि त्यांचे मार्गदर्शक विक्रम आडवे यांनी केली. आडवे हे मुंबईच्या आयआयटीचे पदवीधर. म्हणजे बुद्धीची वाण आपल्याकडे नाही. वाण आहे ती केलेले काम समजावून सांगण्याची. जीसीसीच्या संहितेच्या लक्षावधी ओळी खुल्या असल्या तरी त्यांत शिरायचे कोठून, हे कळल्याशिवाय तो खुलेपणा कागदावरच राहतो. मुंबईच्या आयआयटीतील जीसीसी संसाधन केंद्राने ही उणीव ओळखली होती. उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्यशाळा घेतल्या, कंपायलरची अंतर्रचना पायरीपायरीने मांडली आणि ती टिपणे सर्वांना खुली ठेवली. हे काम शोधनिबंधाच्या तोडीचे आहे, किंबहुना शिकणाऱ्याच्या दृष्टीने अधिक मोलाचे. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 मध्ये गुणांकनाची जी पद्धत आणली, तिने प्राध्यापकांना निबंध मोजावयास शिकविले. कंपायलरमध्ये स्वीकारली गेलेली दुरुस्ती किंवा त्याची सुबोध माहितीपुस्तिका कोणत्या रकान्यात भरावी? ज्याला मोल नाही त्याचा पुरवठा आटतो. यात प्राध्यापकांच्या नीतिमत्तेचा काही संबंध नाही.

2021 पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांत अभियांत्रिकीच्या शिक्षणास परवानगी दिली आहे. पुस्तके मराठीत येतील, शिक्षक मराठीत बोलतील. पण विद्यार्थ्याला दिवसातून पन्नास वेळा उत्तर देणारा कंपायलर इंग्रजीतच बोलणार असेल तर ते शिक्षण अर्धेच होय. वस्तुतः जीसीसीचे संदेश संहितेबाहेर वेगळ्या फायलींत भाषांतरित करण्याची सोय आहे; जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, जपानी भाषांतरे त्याच मार्गाने झाली. उद्योगात इंग्रजीच लागते, हा आक्षेप खरा आहे. पण तो शिकून बाहेर पडणाऱ्याविषयीचा आहे, पहिल्या सत्रात नाउमेद होऊन विषय सोडणाऱ्याविषयीचा नव्हे. धोका आहे तो वेगळाच. 'सेमिकोलन'ऐवजी 'अर्धविराम' आणि त्यापुढे कोशातून काढलेले आणखी चार शब्द घातले, तर मुले इंग्रजी संदेशच बरा म्हणतील.

असे भाषांतर फावल्या वेळात होत नाही. वरवंडपासून जवळच केडगाव आहे. तेथे पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून बायबल सोप्या मराठीत आणले, तेव्हा त्यांच्यामागे मुक्ती मिशनचा स्वतःचा छापखाना आणि त्यात काम करणाऱ्या स्त्रिया उभ्या होत्या. मूळ भाषा आधी शिकाव्या लागल्या, आणि 1922 मध्ये निधन होईतो रमाबाई त्याच कामात होत्या.

कंपायलरच्या संदेशांना इतका काळ लागण्याचे कारण नाही. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प दरवर्षी बांधणी होऊन कपाटात जातात. त्यांतील काही गटांना संदेशांचा एकेक भाग मराठीत आणण्याचे काम द्यावे, भाषेच्या शिक्षकाने आणि संगणकाच्या शिक्षकाने ते एकत्र तपासावे, पहिल्या वर्षाच्या वर्गात वापरून पाहावे आणि मगच मूळ प्रकल्पाकडे पाठवावे. खर्च म्हणावा तर शिक्षकाच्या वेळाचा. तो वेळ कार्यभारात धरावयाचा की नाही, हे विद्यापीठांनी ठरवायचे आहे.