आधी पाणी, मग मासा

वार्षिक परीक्षा आटोपल्या की घराघरांत मुलांच्या मागण्यांची यादी निघते. कुणाला सायकल हवी असते, कुणाला बॅट. अलीकडे या यादीत एक नवी मागणी दिसू लागली आहे, 'अब्बू, निमो आणा ना!' २००३ साली 'फाइंडिंग निमो' हा चित्रपट आला, आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाऊनफिश जगभरच्या मुलांचा लाडका झाला. आपल्याकडेही मोठ्या शहरांतल्या दुकानांत तो मिळतो.

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या अम्मींनी मागच्या महिन्यात मला विचारलं, ''टीचर, टाकी आणली, दुकानदारानं दिलेलं मीठ विरघळवलं, दुसऱ्या दिवशी दोन मासे सोडले. दहाव्या दिवशी दोन्ही गेले. पाणी तर आरशासारखं स्वच्छ होतं. मग झालं काय?'' लेक दोन दिवस नीट जेवली नव्हती. दुकानदार म्हणाला, 'ये तो चलता है, दुसरा ले जाओ.'

हे 'चलता है' आपण मनावर घेऊ नये. मासा मुका जीव आहे. आपण त्याला काचेत ठेवला की त्याचा श्वास, त्याचं अन्न, त्याचं आरोग्य सगळं आपल्या हाती येतं. आणि त्या भगिनींच्या प्रश्नाचं उत्तर अगदी सरळ आहे. पाणी स्वच्छ होतं, पण तयार नव्हतं.

आठवीनववीच्या मुलांना आम्ही नायट्रोजनचक्र शिकवतो. मुलं ते पाठ करतात आणि पेपर दिल्यावर विसरतात. खाऱ्या पाण्याच्या टाकीत मात्र हेच चक्र माशाच्या जगण्यामरण्याचा निकाल लावतं. मासा कल्ल्यांवाटे आणि विष्ठेवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाद्य कुजलं की त्यातूनही अमोनिया तयार होतो. तो रंगाने दिसत नाही, पण माशाचे कल्ले जाळतो. समुद्राच्या पाण्याचा सामू साधारण ८.१ ते ८.४ असतो, आणि सामू जितका जास्त तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त. म्हणून गोड्या पाण्यात एखाद्या वेळी खपून जाणारी घाई इथे खपत नाही.

यावर इलाज निसर्गानेच ठेवला आहे. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट थोड्या प्रमाणात मासा सहन करतो. हे जिवाणू दगडांवर, वाळूवर, फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात. नव्या टाकीत ते नसल्यासारखेच असतात. त्यांची पुरेशी वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्या मुलीच्या टाकीला मिळाला होता एकच दिवस.

म्हणून क्रम असा ठेवा.

पहिलं काम टाकी आणि तिची जागा. नवख्यांना वाटतं, छोटी टाकी सोपी. खरं उलट आहे. पाणी कमी असलं की उष्णता, क्षार, अमोनिया सगळंच झटकन वरखाली होतं. निदान शंभर लिटरच्या पुढची टाकी घ्या. ९० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि ४० उंच टाकीत काठोकाठ १४४ लिटर पाणी मावतं. काच, वाळू आणि दगड धरून वजन दोनशे किलोच्या आसपास जातं. तेव्हा टीव्हीचं कपाट किंवा जुनं टेबल नको, मजबूत लोखंडी स्टँडच हवा. खिडकीतलं थेट ऊन नको, त्याने शेवाळ माजतं. लोबान, अगरबत्ती जिथे लावता तिथूनही टाकी लांब असू द्या. डासांचा फवारा तर त्या खोलीत मारूच नका, कारण हवेचा पंप खोलीतली हवाच पाण्यात सोडतो.

दुसरं काम मीठ आणि पाणी. 'आम्ही कोकणातले, समुद्र दारात, मग मीठ विकत कशाला?' असं कुणी म्हणेल. पण किनाऱ्याजवळच्या पाण्यात गाळ, सांडपाणी आणि होड्यांचं तेल मिसळलेलं असू शकतं. पावसाळ्यात नद्याखाड्यांचं गोडं पाणी आल्याने त्याचा खारेपणाही घटतो. स्वयंपाकाचं मीठ तर मुळीच चालत नाही. ते निव्वळ सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात त्याखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट असं बरंच काही असतं. मत्स्यालयासाठी बनवलेलं सागरी मीठ वेगळं मिळतं, तेच घ्या.

प्रमाण लिटरला सुमारे ३५ ग्रॅम. वाळू आणि दगडांनी जागा व्यापल्यावर टाकीत १२० लिटर पाणी मावत असेल, तर सव्वाचार किलोच्या आसपास मीठ लागेल. पण अंदाजावर जाऊ नका. हायड्रोमीटर किंवा रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या जवळ ठेवा. पाणी आरओचं वापरा. नळाच्या पाण्यातला क्लोरीन मासा आणि जिवाणू दोघांनाही घातक असतो. मीठ प्लॅस्टिकच्या स्वच्छ बादलीत विरघळवा. तांब्यापितळेचं भांडं नको, कारण पाण्यात उतरलेलं तांबं कोळंबी, गोगलगायींसारख्या जिवांचा जीव घेतं.

तिसरं काम यंत्रं. फिल्टर, पाणी फिरतं ठेवणारा पंप, दिवा आणि थर्मामीटर एवढं हवंच. 'प्रोटीन स्किमर' नावाचं यंत्र बारीक बुडबुड्यांच्या फेसाबरोबर पाण्यातली घाण बाहेर काढतं. जमत असेल तर तेही घ्या. पाण्याचं तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस असावं. पुण्यानाशिकच्या थंडीत त्यासाठी हीटर लागतो. मेमधली अडचण उलटी असते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि मासे वर येऊन भराभर श्वास घेऊ लागतात. अशा वेळी पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तर बाष्पीभवनाने पाणी दोनतीन अंश थंड होतं. आपल्या माठाचंच तत्त्व.

वीज गेली तर काय, याचा विचार आधीच करा. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप महाग नसतो, तो घरात असू द्या. आणि खारं पाणी विजेचं चांगलं वाहक आहे, हे मुलांना बजावून सांगा. प्रत्येक वायर सॉकेटपर्यंत जाण्याआधी खाली झोळ देऊन न्या, म्हणजे थेंब ओघळला तरी जमिनीवर पडेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. इलेक्ट्रिशियनकडून आरसीसीबी बसवून घ्या. टाकीत हात घालण्यापूर्वी बटणं बंद. हाताला साबण किंवा अत्तर असेल तर आधी धुऊन टाका.

चौथं काम थांबणं. टाकी भरली, यंत्रं सुरू झाली, की मासा न सोडता रोज चिमूटभर माशांचं खाद्य पाण्यात टाका. ते कुजून अमोनिया होईल, आणि त्यावर जिवाणू पोसले जातील. टेस्ट किटने दर दोनतीन दिवसांनी पाणी तपासा आणि आकडे मुलांना वहीत लिहायला लावा. आधी अमोनिया वर चढेल. मग तो उतरेल आणि नायट्राइट चढेल. शेवटी दोन्ही शून्यावर येतील आणि नायट्रेट दिसू लागेल. खाद्य टाकत असतानाही दोन्ही शून्यावर टिकले, की पाणी तयार. मग थोडं पाणी बदलून नायट्रेट कमी करा. मेच्या पहिल्या आठवड्यात टाकी भरली, तर जूनच्या मध्यावर शाळा उघडता उघडता ती तयार होईल. ही सगळी सुट्टी मुलं रिकाम्या टाकीसमोर बसून विज्ञान शिकतील. उर्दूतला 'सब्र' आणि मराठीतली 'सबुरी' एकाच मुळाचे शब्द आहेत. ते फळ्यावर लिहून समजत नाहीत, इथे समजतात.

आता मासा. एकदम टाकी भरू नका. आधी क्लाऊनफिशची एक जोडी, मग तीनचार आठवडे थांबून पुढचा मासा. त्यांना अ‍ॅनिमोन लागतोच असं नाही, काचेत ते त्याच्याविना मजेत राहतात. घेताना एक प्रश्न जरूर विचारा, 'हा समुद्रातून पकडलेला की हॅचरीत वाढवलेला?' फिलिपाइन्स, इंडोनेशियासारख्या देशांत शोभेचे मासे पकडण्यासाठी प्रवाळांवर सायनाइड फवारलं गेलं आहे. त्याने मासा गुंगतो आणि प्रवाळ मरतं. क्लाऊनफिशची पैदास मात्र माणसाच्या हाताखाली होते. तमिळनाडूतल्या मंडपम इथल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्राने त्याचं तंत्र विकसित केलं आहे. मुलं निमोबरोबर निळी 'डोरी'ही मागतील. तिला ठाम नाही म्हणा. ती तीस सेंटिमीटरपर्यंत वाढते, आणि आपली टाकी जेमतेम तिच्या तिप्पट लांब.

कायद्याचंही लक्षात ठेवा. प्रवाळ आणि समुद्रघोडा यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. दुकानात दिसले तरी ते घेऊ नका. किनाऱ्यावर पडलेले प्रवाळाचे तुकडेही टाकीसाठी उचलून आणू नका. सिरॅमिकचे कृत्रिम दगड मिळतात, जिवाणू त्यांवरही तितकेच सुखाने राहतात.

मासा आणल्यावर पिशवी पंधरावीस मिनिटं टाकीवर तरंगत ठेवा. मग टाकीतलं पाणी थोडं थोडं पिशवीत मिसळत जा. शेवटी जाळीने मासा टाकीत सोडा, पिशवीतलं पाणी मात्र बाहेरच ओता.

पुढची निगा अवघड नाही, पण नेमाने करावी लागते. दोन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य द्या. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदला, नवं खारं पाणी आदल्या दिवशी कालवून ठेवा. रोज आटतं त्याची भर मात्र साध्या आरओ पाण्याने करा, कारण पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. खारं पाणी घालत राहिलात तर टाकी दिवसेंदिवस जास्त खारट होईल. काचेवर पेनाने रेघ मारून ठेवा, म्हणजे धाकट्यालाही हे काम जमेल. ईदला गावी जायचं असेल तर शेजाऱ्यांच्या हाती खाद्याचा डबा देऊ नका, दिवसाची एक अशा कागदी पुड्या बांधून द्या. प्रेमाने दिलेलं जास्तीचं खाद्यच टाकी बिघडवतं.

शेवटी हिशेब पैशांचा नाही, वर्षांचा करा. चांगली निगा राखली तर क्लाऊनफिश दहा वर्षांहून जास्त जगतो. आज पाचवीत असलेली मुलगी तोवर कॉलेजात जाईल, अभ्यास वाढेल, हौस बदलेल. तेव्हा बादली कोण उचलणार, हे आजच घरात बसून ठरवा. उत्तर मिळालं तर जरूर टाकी आणा. नाही मिळालं तर मुलांना घेऊन रत्नागिरीला जा, झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय दाखवा. तिथे मासे पाहून रिकाम्या हातांनी घरी परतणं हाही माशांवरच्या प्रेमाचाच एक प्रकार आहे.