काटा खरं बोलला पाहिजे

डेट्रॉईटच्या वुडवर्ड रस्त्यावर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची जत्रा भरते. १९९५ साली ती सुरू झाली. मिशिगनला राहायला आल्यापासून मी जमेल तेव्हा तिथे जातो, आणि अलीकडे एका मित्राच्या १९६८च्या डॉज चार्जरमधून जातो. माणसं येतात, उघड्या बॉनेटखाली वाकतात. मोठा अल्टरनेटर, विजेवर चालणारे दोन पंखे, कार्ब्युरेटर काढून बसवलेलं फ्युएल इंजेक्शन बघून माना डोलावतात. मग खिडकीतून आत बघतात आणि त्यांचा चेहरा पडतो. "इंजिनाचं ठीक आहे, पण मीटर कशाला बदललेत? वायरिंगसुद्धा नवं? गाडीत मूळचं राहिलं काय मग?"

हे मी इतक्या जाणत्या लोकांकडून ऐकलं आहे की उत्तर देणं भाग आहे. त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटतं, आणि नुसतं चुकीचं नाही तर धोक्याचं वाटतं.

आधी त्यांची बाजू नीट मांडतो. डॅशबोर्ड हा गाडीचा चेहरा आहे. इंजिन बॉनेटखाली झाकलेलं असतं, डॅशसमोर मात्र माणूस रोज बसतो, म्हणून तिथे बदल नको. कारखान्यातल्या इंजिनिअरांनी विचार करूनच तारा निवडल्या होत्या आणि त्या पन्नासहून जास्त वर्षं टिकल्या. लिलावात मूळ भाग जागच्या जागी असलेल्या गाडीला जास्त भाव येतो. आणि शेवटचा मुद्दा असा, की काही बिघडलंच तर सांगायला लाल दिवा आहेच.

भावाचा मुद्दा खरा आहे, तो मी मान्य करतो. कारखान्यातून निघाल्यापासून जिला कुणी हात लावलेला नाही अशा गाडीच्या डॅशला स्क्रूड्रायव्हर लावणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. ती गाडी म्हणजे दस्तऐवज आहे, ती तशीच राहिली पाहिजे. पण आपण बोलतोय ती गाडी तशी नाही. इंजिनात फेरफार केला त्या दिवशी त्या दस्तऐवजावर आपणच नवा मजकूर लिहिला. एक पान बदललं आणि त्याच्याशी जोडलेलं दुसरं तसंच ठेवलं, तर आता दोन्ही पानं एकमेकांशी जुळत नाहीत.

इंजिनिअरांनी विचार करून तारा निवडल्या, हा मुद्दा तर माझ्याच बाजूने पडतो. त्यांनी विचार केला तो कोणत्या गाडीसाठी?

त्या काळात डॉज बनवणाऱ्या क्रायस्लरच्या अनेक गाड्यांत चार्जिंग दाखवायला ॲमीटर असे. प्रवाह मोजायचा तर तो ॲमीटरमधूनच न्यावा लागतो. म्हणून अल्टरनेटरची काळी तार फायरवॉलमधल्या, म्हणजे इंजिन आणि डॅश यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीतल्या, जोडातून आत डॅशपर्यंत येते, तिथे दिवे, रेडिओ, हीटर यांच्यासाठी फाटे फुटतात, आणि उरलेला प्रवाह ॲमीटरमधून पार होऊन लाल तारेने त्याच फायरवॉलमधून पुन्हा बाहेर बॅटरीकडे जातो. गाडीचा रोजचा खर्च डॅशमधल्या फाट्यांवर भागायचा. ॲमीटरमधून जायचा तो फक्त बॅटरी भरण्यापुरता प्रवाह, आणि गाडी सुरू झाल्यावर थोड्या वेळात तोही उतरायचा. त्या गाडीपुरता तो हिशेब चोख होता.

आता आपण काय करतो? विजेचे पंखे बसवतो आणि सोयीचं पडतं म्हणून त्यांची तार थेट बॅटरीला जोडतो. पंखे तीसेक अँपिअर खातात. ते तीस अँपिअर अल्टरनेटरमधून निघतात, फायरवॉलमधून आत जातात, ॲमीटर ओलांडतात, त्याच जोडातून बाहेर येतात, बॅटरीपाशी पोचतात आणि मग कुठे पंख्याला मिळतात. पंखे फिरत असेपर्यंत ही प्रदक्षिणा चालू राहते. जोडातल्या पात्यांवर पन्नास वर्षांचा गंज बसलेला असतो. समजा तिथे एका ओहमच्या शंभराव्या भागाइतका रोध तयार झाला. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. दहा अँपिअरला एक वॅट, तर तीस अँपिअरला नऊ वॅट. बोटाच्या पेराएवढ्या प्लॅस्टिकच्या घरात नऊ वॅट, तेही तासन्‌तास.

मित्राच्या गाडीचा तो जोड आम्ही दोघांनी एका हिवाळ्यात त्याच्या गॅरेजमध्ये सोडवला. काळ्या चौकोनातली दोन घरं तपकिरी होऊन फुगली होती. लाल तार ओढली तर पातं प्लॅस्टिकला चिकटून आतच राहिलं आणि नुसती तार हातात आली. तिचं इन्सुलेशन नखाने दाबलं तर भाजलेल्या पापडासारखं तुटलं. आतलं तांबं काळं पडलं होतं. सरलेल्या उन्हाळ्यात याच गाडीच्या मागच्या सीटवर त्याची दोन मुलं बसून आईस्क्रीम खायला गेली होती. आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.

ती तार मूळची होती. भाग क्रमांकासकट मूळची. तिचं मूळपण जपा असं मला कुणी सांगू नये.

ॲमीटर काढून आम्ही त्याच खोबणीत, त्याच अक्षरवळणाचा व्होल्टमीटर बसवला आणि अल्टरनेटरची नवी जाड तार फ्यूज घालून सरळ बॅटरीकडे नेली. व्होल्टमीटरमधून नाममात्र प्रवाह जातो, त्याला बारीक तार पुरते. गाडी बंद असताना साधारण १२.६ आणि चालू असताना १४च्या आसपास काटा दिसला की चार्जिंग ठीक. धावत्या गाडीत तो १३च्या खाली रेंगाळला तर अल्टरनेटर काम करत नाही, १५च्या पुढे गेला तर रेग्युलेटर बिघडला. ज्याला काट्याची भाषा कळते त्याला एवढं पुरे.

आता लाल दिवा. अमेरिकेत या दिव्याला जुन्या काळापासून 'इडियट लाइट' म्हणतात. शब्द कठोर आहे, पण उगाच पडलेला नाही. ऑइलचा दिवा पेटवणारं बटण साधारणपणे दाब पाच पीएसआयच्या आसपास घसरल्यावर जागं होतं. मेकॅनिक लोकांचा जुना ठोकताळा असा, की मिनिटाला हजार फेऱ्यांमागे दहा पीएसआय दाब हवा. म्हणजे पाच हजार फेऱ्यांना पन्नास. जोरात वळण घेताना तेल एका बाजूला सरकलं, पंपाला हवा लागली आणि दाब पन्नासवरून वीसवर आला, तर दिवा गप्प. बेअरिंग मात्र घासलं जातंय. दिवा लागेल तेव्हा खडखडाट तुमच्या कानांनी आधीच ऐकलेला असेल. साध्या इंजिनाला कदाचित हा दिवा पुरत असेल. दुप्पट ताकद काढलेल्या इंजिनाला तो पुरत नाही, आणि ही गोष्ट त्या काळच्या कंपन्यांनाही ठाऊक होती. म्हणून तर १९६७च्या कॅमारोत ज्याला खरे मीटर हवेत त्याला जादा पैसे भरून ते कन्सोलवर बसवून मिळत.

'मूळ' या शब्दाचा आग्रह धरणाऱ्यांना मला इतिहासाची आठवण करून द्यायची आहे. कॅरल शेल्बीने १९६५ साली फोर्ड मस्टँगची जीटी ३५० बनवली तेव्हा डॅशच्या मधोमध एक वेगळी पेटी बसवून तीत इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा टॅकोमीटर आणि ऑइल प्रेशरचा मीटर दिला, कारण मस्टँगचा डॅश त्या इंजिनाला अपुरा होता. १९६७च्या शेल्बी गाड्यांत डॅशखाली स्टुअर्ट-वॉर्नरचे जादा मीटर लावले. त्याच वर्षी पाँटिॲकने टॅकोमीटर चक्क बॉनेटवर नेला, रस्त्यावरून नजर न हलवता दिसावा म्हणून. आज ज्या गाड्यांपुढे आपण आदराने उभे राहतो त्यांचे मीटर इंजिनाच्या गरजेप्रमाणे बदललेले होते. ही परंपरा आहे. तिला सोडचिठ्ठी देणारे आपण नाही.

आता माझ्याच बाजूच्या लोकांशी माझं भांडण आहे, आणि ते जास्त तीव्र आहे. मीटर बदलले पाहिजेत हे ज्यांना पटतं, त्यांच्यातले पुष्कळ जण चकचकीत तबकड्या विकत आणतात आणि जुन्या, कुजलेल्या तारांना जोडून देतात. वरून कीर्तन, आतून तमाशा. असा मीटर नसलेला बरा, कारण तो खोटं बोलतो आणि खात्रीने बोलतो.

एका ओळखीच्यांची १९७०ची शेव्हेल अशीच एका वर्कशॉपमधून नवे मीटर लावून आली. काटा 'फुल' दाखवत होता. ते आणि त्यांची पत्नी टोलेडोकडे निघाले आणि हायवेच्या कडेला गाडी बंद पडली. टाकी कोरडी होती. कारण साधं आहे. जनरल मोटर्सच्या त्या गाड्यांत टाकीतला फ्लोट रिकाम्या टाकीला शून्य ओहम आणि भरलेल्या टाकीला नव्वद ओहम रोध देतो. बाजारातला सर्रास मिळणारा मीटर उलट्या पद्धतीचा असतो. त्याला २४० ओहम म्हणजे रिकामी आणि ३३ म्हणजे भरलेली. या दोघांची गाठ घातली की भरलेली टाकी अर्ध्याच्या जरा वर दिसते, पेट्रोल संपत जाईल तसा काटा चढत जातो आणि टाकी रिकामी झाल्यावर तो 'फुल'च्याही पलीकडे जाऊन टेकतो. फोर्ड आणि क्रायस्लरचं गणित आणखी तिसरं, रिकाम्याला ७३ आणि भरलेल्याला १०. मीटर घेताना टाकीतला फ्लोट किती ओहमचा आहे हे विचारायला एक मिनिट लागतं. त्या वर्कशॉपने ते विचारलं नाही. ती दोघं अंधारात ट्रकच्या वाऱ्याने हलणाऱ्या गाडीत बसून राहिली.

टॅकोमीटरचंही असंच. जुन्या व्ही-८ चा डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या एका फेरीला चार ठोके देतो. तिथे जनरल मोटर्सचं नवं एलएस इंजिन बसवलं, तर त्याचा संगणक सहसा दोनच ठोके पाठवतो. टॅकोमीटरचं बटण न बदलता गाडी चालवली तर सहा हजारांना काटा तीन हजार दाखवतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: मीटर, त्याचा सेन्सर आणि त्याची तार हे तिन्ही मिळून एक वस्तू आहे. तिचे तुकडे करून खरेदी होत नाही. आणि तारेविषयी तर मी कुणाचंही ऐकून घेणार नाही. जुन्या तारांवरचं साधं पीव्हीसी ऐंशी अंशांच्या आसपास हात टेकतं. आज मिळणाऱ्या क्रॉसलिंक पॉलिएथिलीनच्या तारा सव्वाशे अंश सेल्सिअस सोसतात आणि तापल्यावर वितळून ओघळत नाहीत. पैशाचा फरक थोडा आहे. पंख्याला आणि हेडलाइटला रिले, प्रत्येक फाट्याला त्याच्या तारेच्या जाडीप्रमाणे फ्यूज, आणि इंजिन ब्लॉकपासून बॉडीपर्यंत विणलेली जाड अर्थची पट्टी. ही पट्टी लोक विसरतात. इंजिन रबराच्या माउंटवर बसलेलं असतं, त्याचा बॉडीशी विजेचा संबंध आपण जोडू तेवढाच. पट्टी नसेल तर स्टार्टरचा प्रवाह ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो, आणि मीटरचे काटे दिवे लावताच हलायला लागतात.

जोड कसा करावा यावर गॅरेजमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाद चालू आहे. डाख दिलेला जोड पक्का, असं आपल्याकडचे जुने वायरमनही सांगत. टेबलावरच्या रेडिओसाठी ते खरं आहे. धावत्या गाडीत डाख तारेच्या आत झिरपतो, तेवढा भाग सळईसारखा ताठ होतो आणि जिथे ताठपणा संपतो तिथे हादऱ्यांनी तार तुटते. योग्य मापाच्या पकडीने दाबलेला लग आणि त्यावर घट्ट बसणारी स्लीव्ह, हाच गाडीतला जोड. विमानांतही तारांना लग दाबूनच बसवतात. ज्या निळ्या क्लिपा तार न सोलता नुसत्या चिमटून बसतात, त्या मी माझ्या गॅरेजमध्ये ठेवत नाही.

दिसण्याबद्दल एवढंच सांगतो. निळा प्रकाश फेकणाऱ्या, आकड्यांनी गजबजलेल्या तबकड्या मला त्या डॅशमध्ये नको वाटतात, आणि तिथे मूळपणाच्या कैवाऱ्यांशी माझं पटतं. काळी तबकडी, पांढरे आकडे, जाड काटा. शर्यतीच्या गाड्यांत एक जुनी रीत आहे. मीटर गोल फिरवून असे बसवायचे की सगळं ठीक असताना प्रत्येक काटा सरळ वर उभा राहील. चालकाला आकडा वाचावा लागत नाही, एखादा काटा वाकडा दिसला की पुरे. मित्राच्या चार्जरमध्ये आम्ही डॅशखालच्या पट्टीवरचे तीन जादा मीटर तसेच लावले. त्या पट्टीसाठी डॅशला एकही नवं भोक पाडलं नाही. काढलेला ॲमीटर, जुना फायरवॉलचा जोड, कापलेली लाल तार हे सगळं चिठ्ठ्या लावून एका खोक्यात ठेवलं आहे. उद्या कुणाला ही गाडी पूर्ववत करायची झाली तर ते खोकं त्याला मिळेल, आणि ती जळकी तारही मिळेल. ती पाहून त्याने ठरवावं.

मिशिगनमध्ये वाहन उद्योगात काम करणारी मराठी माणसं पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या गॅरेजमध्ये कापडाखाली अशी एखादी गाडी उभी असते. त्यांना आणि जुन्या गाडीवर जीव लावणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. या हिवाळ्यात इंजिनावर आणखी खर्च करायच्या आधी डॅश उघडून मागे हात घाला आणि फायरवॉलचा जोड स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मात्र बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडवा.