राखीव जागेचा आमदार कुणाचा?

सुलतानपूरच्या फाट्यावर मेहकरहून येणारा रस्ता दोन वाटा धरतो. एक वाट बिबी, दुसरबीडवरून सिंदखेडराजाकडे जाते, दुसरी लोणारच्या सरोवराकडे. समृद्धी महामार्ग झाल्यापासून लांब पल्ल्याच्या गाड्या इथे फारशा थांबत नाहीत. पण राजकारणाची चर्चा मात्र पूर्वीसारखीच थांबते आणि चहाच्या दुसऱ्या कपापर्यंत रंगते. नोव्हेंबर 2024 मध्ये विधानसभेचे निकाल लागले, त्यानंतरच्या अशाच एका बैठकीत आमच्या परिचयाचे एक निवृत्त गुरुजी सहज बोलून गेले, "रायमुलकरांचं काय घेऊन बसलात? तो त् त्यायनं देलेला आमदार होता. देणाऱ्याचा हात आखडला, संपलं."

गुरुजी सज्जन आहेत. शाखेच्या जुन्या स्वयंसेवकांपैकी आहेत, समरसतेच्या कार्यक्रमांत पहिल्या रांगेत असतात. त्यांच्या बोलण्यात द्वेषाचा लवलेशही नव्हता आणि म्हणूनच ते वाक्य अधिक बोचले. 'दिलेला आमदार' हा शब्दप्रयोग त्यांनी घडविलेला नाही. तो या परिसरात रूढ आहे, आणि जो मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे त्याच्याच आमदाराबद्दल तो बिनदिक्कत वापरला जातो. सर्वसाधारण जागेवरचा आमदार 'निवडून येतो', राखीव जागेवरचा 'दिला जातो'.

या समजुतीला आधार किती, हे पाहायचे तर मेहकरचा निवडणूक-इतिहासच उलगडून पाहिला पाहिजे. काँग्रेसचे सुबोध सावजी या भागातील मोठे नाव होते, राज्यात मंत्रीही झाले. 1995 मध्ये शिवसेनेचे प्रतापराव जाधव निवडून आले आणि मेहकरचा राजकीय कल बदलला. जाधव 1995, 1999 आणि 2004 असे सलग तीनदा आमदार झाले; युती शासनात राज्यमंत्री राहिले. पुढे मतदारसंघांची पुनर्रचना झाली. तिच्या एका आदेशाने बुलढाणा जिल्ह्यात विलक्षण अदलाबदल घडविली. तोवर राखीव असलेला बुलढाणा लोकसभा मतदारसंघ खुला झाला आणि तोवर खुला असलेला मेहकर विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. लोकसभेत बुलढाण्याचे प्रतिनिधित्व करणारे आनंदराव अडसूळ 2009 मध्ये अमरावतीला गेले, जाधव बुलढाण्याहून लोकसभेत पोहोचले आणि मेहकरात डॉ. संजय रायमुलकर धनुष्यबाणावर आमदार झाले.

'दिलेला आमदार' या कल्पनेचे मूळ इथे आहे. जुना आमदार वरच्या सभागृहात जातो, त्याची जागा नव्या माणसाला मिळते. तेव्हा लोक म्हणणार की गादी सोपविली. (वरचे म्हणजे लोकसभा, राज्यघटनेच्या दृष्टीने शब्द चुकीचा आहे, पण फाट्यावर सगळे तसेच म्हणतात.) 2009 पुरते हे म्हणणे आपण क्षणभर मान्य करू. मी स्वतः त्या निकालानंतर लिहिलेल्या वार्तापत्रात विजयाचे सारे श्रेय खासदारांना देऊन मोकळा झालो होतो. विजयी उमेदवाराच्या वाट्याला माझ्या मजकुरातील दीड ओळ आली होती. ते कात्रण आजही माझ्याकडे आहे आणि ते वाचताना मान खाली जाते.

परंतु 2014 चे काय? त्या वर्षी युती तुटली. भाजप आणि शिवसेना राज्यभर परस्परांविरुद्ध लढले. म्हणजे आपले कार्यकर्ते त्या निवडणुकीत रायमुलकरांसाठी नव्हते. तरीही ते निवडून आले. 2019 मध्ये तर साठ हजारांहून अधिक मतांच्या फरकाने निवडून आले. एखाद्याला कुणी उमेदवारी देऊ शकतो, फार तर एक निवडणूक जिंकून देऊ शकतो. वेगवेगळ्या राजकीय समीकरणांत तीन निवडणुका जिंकून देणारा दाता अद्याप जन्माला यायचा आहे.

आता 2024 पाहा. कारण 'दिलेल्या आमदारा'चा सिद्धांत त्या निकालाने पुरता निकालात निघतो. जून 2022 मध्ये शिवसेना फुटली तेव्हा रायमुलकर एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले, खासदार जाधवही गेले. फेब्रुवारी 2023 मध्ये निवडणूक आयोगाने धनुष्यबाण शिंदे यांच्या पक्षाला दिला. 2024 च्या लोकसभेत जाधव चौथ्यांदा विजयी झाले आणि केंद्रात राज्यमंत्री झाले. नोव्हेंबरमध्ये महायुतीने राज्यात 230 जागा जिंकल्या. बुलढाणा जिल्ह्यातील सातपैकी सहा जागा महायुतीकडे आल्या. चिन्ह तेच होते, केंद्रात मंत्रिपद होते, राज्यात सत्ता होती, युती अभंग होती. ज्या ज्या हातांनी आमदारकी 'दिली' असे म्हटले जाते, ते सर्व हात त्या दिवशी पूर्वीपेक्षा बलवान होते. आणि सातवी जागा, मेहकरची, पाच हजारांपेक्षा कमी मतांनी गेली.

म्हणजे देणारा होता, घेणाराही होता, फक्त मतदाराने ऐकले नाही. मग पूर्वीच्या तिन्ही वेळी त्याने कुणाचे तरी ऐकून मत दिले, हे कशावरून?

शहरांतील विश्लेषकांनी या पराभवाचे उत्तर एका शब्दात दिले: गद्दारी. शब्द सोपा आहे, मथळ्याला शोभतो. पण जिल्ह्यातल्याच बुलढाणा मतदारसंघातले संजय गायकवाड त्याच जून महिन्यात त्याच बाजूला गेले होते आणि ते 841 मतांनी का होईना, विजयी झाले. गद्दारी एका गावी दंडनीय आणि दुसऱ्या गावी क्षम्य, असा काही कायदा असल्यास विश्लेषकांनी तो आम्हालाही सांगावा. दुसरे उत्तर जातींच्या बेरजेचे. अमुक समाज इकडे, तमुक समाज तिकडे, बाकी हातचे दोन. या गणितात उमेदवार नावाचा माणूस कुठेच नसतो.

विजयी उमेदवाराचीही तीच गत. सिद्धार्थ खरात मंत्रालयात सहसचिव पदापर्यंत पोहोचलेले अधिकारी. नोकरी सोडून मशाल चिन्हावर लढले आणि राज्यभर आपला पक्ष अवघ्या 20 जागांवर आलेला असताना जिंकले. त्यांचा पक्ष आपल्याला मान्य नाही, त्यांच्या भूमिकांचा आपण विरोध केला आहे आणि करूच. पण त्यांचा विजयही 'सहानुभूती'च्या नावे जमा करण्यात आला. ही सहानुभूती उरलेल्या सहा मतदारसंघांत कुठे दडून बसली होती, हे कुणी विचारले नाही. राखीव जागेवर हरणारा आपल्या दोषाने हरतो आणि जिंकणारा दुसऱ्याच्या पुण्याईने जिंकतो, असा हा उफराटा न्याय आहे.

प्रश्न मेहकरपुरता असता तर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. महाराष्ट्रात 288 पैकी 29 जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. या व्यवस्थेचा उगम 24 सप्टेंबर 1932 च्या पुणे करारात आहे. विभक्त मतदारसंघ सोडून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संयुक्त मतदारसंघ स्वीकारले. राखीव जागा वाढल्या, पण त्या जागांवरचा प्रतिनिधी साऱ्या मतदारांनी निवडायचा ठरला. तो नंतर बहुसंख्यांच्या मर्जीतला होऊन बसेल, ही बाबासाहेबांची शंका होती आणि ती त्यांनी लपविली नाही. तिची झळ त्यांनाच बसली. 1952 मध्ये मुंबईत नारायण काजरोळकर यांच्याकडून ते पराभूत झाले. 1954 मध्ये भंडाऱ्याच्या द्विसदस्य मतदारसंघातील पोटनिवडणुकीत सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले आणि राखीव जागेवर बाबासाहेब हरले. भंडाऱ्याचा विषय निघाला की दत्तोपंत ठेंगडींचे नाव आपल्या बौद्धिकांत आवर्जून घेतले जाते. घ्यावेच. पण त्या आठवणीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी 'दिलेला आमदार' म्हणताना जीभ चावली पाहिजे की नाही?

संयुक्त मतदारसंघाचे आपण समर्थन करतो ते याच तत्त्वावर, की हिंदू समाज एक आहे आणि राखीव जागेवरचा प्रतिनिधी एका जातीचा नसून अवघ्या मतदारसंघाचा आहे. हे तत्त्व खरे असेल तर रायमुलकर पंधरा वर्षे सुलतानपूरच्या प्रत्येक घराचे आमदार होते आणि आज खरात आहेत. आणि आपला आमदार म्हटला की त्याला आपण आपल्या मोजमापाने मोजतो. जाधव आमदार असताना लोक त्यांना पाण्याबद्दल, पेनटाकळीच्या कालव्याबद्दल, रस्त्यांबद्दल थेट धारेवर धरीत. रायमुलकरांच्या काळात तीच माणसे गाऱ्हाणे घेऊन खासदारांचे दार ठोठावू लागली. आमदाराला वगळून वर जायचे आणि मग आमदार निष्प्रभ आहे म्हणायचे!

2021 मध्ये रायमुलकर विधिमंडळाच्या पंचायत राज समितीचे अध्यक्ष होते. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांच्या लेखापरीक्षणातील आक्षेपांवर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष घेणारी ही समिती. ती जिल्ह्यात येणार म्हटले की अधिकाऱ्यांच्या फायली रात्रीतून सापडू लागतात. आपल्या आमदाराकडे हे काम आहे, याची चर्चा या फाट्यावर कितीदा झाली? त्याने ते चांगले केले की वाईट, हा पुढचा प्रश्न. लोणार सरोवर 2020 मध्ये रामसर यादीत गेले, त्याच वर्षी जूनमध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले आणि जगभरच्या वृत्तपत्रांत छायाचित्रे झळकली. सुलतानपूर हे त्या सरोवराचे दार. या काळात सभागृहात लोणारविषयी कोणते प्रश्न गेले, उत्तरे काय आली, हे तपासून मग कुणी पराभवाचे समर्थन केले असते तर मी ते आदराने ऐकले असते. टीका करा, कठोर करा. पण ती माणसावर करा, त्याच्या कथित मालकावर नव्हे.

अनुसूचित जातींच्या राखीव जागांची मुदत 104 व्या घटनादुरुस्तीने जानेवारी 2030 पर्यंत वाढविली आहे. पुढे मतदारसंघांची नवी रचना होईल; मेहकर राखीव राहील किंवा राहणार नाही. राहिले नाही तर रायमुलकर, खरात यांसारख्या किती जणांना सर्वसाधारण जागेवर उमेदवारी मिळेल? आपल्या पक्षाकडून तरी मिळेल का? 'निवडून येण्याची क्षमता' नावाचा जो निकष उमेदवारी देताना पुढे केला जातो, त्यात तीन विजयांची नोंद त्या माणसाच्या नावावर होणार आहे की त्याला 'देणाऱ्या'च्या?

हे सारे मी गुरुजींना फाट्यावरच ऐकविले, थोड्या वरच्या पट्टीत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग चष्मा पुसत म्हणाले, "बरं. मंग खरातांनी पहिल्या अधिवेशनात काय विचारलं, ते तू वाचलं का?"

वाचले नव्हते. तीस वर्षे वृत्तपत्रांत काढलेल्या माणसाने वाचले नव्हते. घरी आल्यावर विधानसभेच्या कामकाजाचे वृत्तांत मिळविण्याच्या खटपटीला लागलो. आता रोज सकाळी थोडे वाचतो. गुरुजी मधूनमधून फोन करून विचारतात, लोणार आले का म्हणून.