क्वांटमच्या नावाने मंगळ

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या एका बौद्ध घरात मुलीचं लग्न अडलं. कारण काय, तर पत्रिकेत मंगळ! आम्ही समजवायला गेलो, तर बी.एस्सी. झालेल्या भावानेच मोबाइल पुढे केला : 'ग्रह क्वांटम लहरी सोडतात, हे आता सिद्ध झालंय.'

मग हिशेबच मांडू. 1913 साली नील्स बोरने सांगितलं की इलेक्ट्रॉन ठरावीक कक्षांतच फिरतो, मधल्या जागेत नाही. हाच नियम पृथ्वीला लावला तर तिचा क्वांटम अंक 10 च्या 74 व्या घाताच्या घरात जातो. शेजारच्या दोन कक्षांमधलं अंतर येतं सुमारे 10 चा उणे 63 वा घात मीटर. प्रोटॉनचा आकार 10 च्या उणे 15 व्या घाताएवढा, म्हणजे त्यापुढे हे अंतर काहीच नाही. ग्रहांना क्वांटम पायऱ्या जाणवतच नाहीत. मंगळालाही नाहीत.

ग्रहांच्या अंतरात नियम शोधण्याचा मोह मात्र जुना आहे. टायटियस-बोडेच्या सूत्रात युरेनस बसला, सेरेस बसला, आणि 1846 साली सापडलेल्या नेपच्यूनने ते मोडलं : अपेक्षा 38.8 ची, निघाला 30 वर (पृथ्वी-सूर्य अंतर 1 धरून). 2018 साली बॅटिगिन या खगोलशास्त्रज्ञाने दाखवलं की ताऱ्याभोवतीच्या चकत्यांचं संथ वाकणं श्रोडिंगरच्या समीकरणासारख्या समीकरणात बसतं. सुंदर काम आहे. पण तिथे प्लँकचा स्थिरांक नाही, साम्य फक्त गणिताचं आहे. मोबाइलवर मात्र हा फरक गळून जातो.

हे अज्ञान एकट्या वस्तीचं नाही. 2001 मध्ये यूजीसीने विद्यापीठांत ज्योतिर्विज्ञान आणलं, 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला आव्हान देणारी याचिका फेटाळली. इकडे पुण्यात जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी हुशार व मतिमंद मुलांच्या कुंडल्या ज्योतिषांना ओळखायला दिल्या. 27 जणांची उत्तरं आली, सरासरी 46 टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी निम्मी जमली असती.

आणि आपण? दीघनिकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात ग्रहताऱ्यांवरून भाकितं करून पोट भरणं मिथ्या आजीविका म्हटलंय. तरी आपल्या कपाटात पत्रिका का?

आम्ही त्या भावाला वरचा हिशेब कागदावर करून दिला. त्याने शून्यं दोनदा मोजली. आई अजून तयार नाही; रविवारी पुन्हा जाणार आहोत.