रस्ता ओलांडणारा कुठल्या रकान्यात?

१८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, टेम्पी शहरात, सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडणारी एक महिला उबरच्या चाचणीतल्या स्वयंचलित गाडीखाली सापडून मरण पावली. या अपघाताचा तपास अहवाल वाहनांचे सॉफ्टवेअर घडवणाऱ्या आपल्या व्यवसायातल्या प्रत्येकाने मुळातून वाचावा. धडकेच्या ५.६ सेकंद आधीच रडारने तिला टिपले होते. पण सॉफ्टवेअर तिला कधी वाहन समजे, कधी अनोळखी वस्तू, कधी सायकल. वर्ग बदलला की आधीच्या हालचालींची नोंद टाकून दिली जाई, त्यामुळे ती कुठे चालली आहे याचा अंदाज बांधता येईना. झेब्रा क्रॉसिंग नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडेल, हे रचनेत धरलेलेच नव्हते.

गुन्हा नोंदला गेला तो स्टिअरिंगमागे बसलेल्या चालक महिलेवर. ती मोबाईलवर कार्यक्रम पाहत होती, तिची चूक होतीच. पण गाडीत दोघांऐवजी एकच माणूस बसवायचे कंपनीने ठरवले होते आणि व्होल्वोची मूळची आपत्कालीन ब्रेक यंत्रणा चाचणीत बंद ठेवली जाई. हे निर्णय बैठकांत झाले होते, आपल्यासारख्याच लोकांच्या.

तरीही, अशा गाड्या समाजाच्या हिताच्या आहेत का, या प्रश्नावर आमचा कौल होकाराकडे आहे. वेमो या स्वयंचलित टॅक्सी कंपनीच्या २.५३ कोटी मैलांच्या प्रवासाचा अभ्यास स्विस री या विमा कंपनीने वेमोबरोबर केला, तेव्हा दुखापतीचे दावे मानवी चालकांच्या तुलनेत ९२ टक्क्यांनी कमी आढळले. भारतात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. यांतले झोप, दारू आणि बेफिकिरी यांनी घेतलेले बळी पाहता यंत्राला दार बंद करणे आम्हाला मान्य नाही. चालकांच्या रोजगाराची चिंता नितीन गडकरी यांनी अनेकदा बोलून दाखवली आहे. ती रास्त आहे, पण तिचे उत्तर धोरणात शोधावे लागेल.

मात्र वेमोचे ते मैल अमेरिकी शहरांतले आहेत. आपल्याकडच्या मृतांत जवळपास ६४ टक्के दुचाकीस्वार आणि पादचारी असतात, म्हणजे गाडीच्या बाहेरची माणसे. दुभाजकाच्या फटीतून निघणारी शाळकरी मुले, उलट्या दिशेने येणारी स्कूटर, टेम्पोमागून अचानक पुढे आलेली हातगाडी यांना अपवाद मानून यादीच्या तळाशी ढकलणारी गाडी आपल्या रस्त्यांवर नको. चालक-साहाय्य यंत्रणा आपल्या गाड्यांत आल्याच आहेत. पुण्यातले कितीतरी अभियंते त्यांचे सॉफ्टवेअर लिहितात, तपासतात. तेव्हा ही जबाबदारी आजचीच आहे.

दुसरी गोष्ट लपवाछपवीची. ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत क्रूझ या कंपनीची स्वयंचलित गाडी, दुसऱ्या वाहनाच्या धडकेने पुढ्यात पडलेल्या महिलेला धडकून थांबली आणि मग कडेला जाताना तिला सुमारे २० फूट फरफटत घेऊन गेली. सरकारी यंत्रणेला दिलेल्या अहवालात कंपनीने फरफटीचा उल्लेखच केला नाही. परवाना स्थगित झाला, आणि पुढच्या वर्षी मालक कंपनी जनरल मोटर्सने क्रूझच्या रोबोटॅक्सीचा खर्चच थांबवला.

म्हणून आमची मागणी अशी: रस्त्यावरच्या माणसांबद्दल कोणती गृहीतके धरली, ती कोणी मंजूर केली आणि कुठल्या रस्त्यावर तपासली, याचा कागद वाहन-मान्यतेच्या अर्जासोबत सक्तीचा व्हावा आणि तो कोणालाही वाचायला मिळावा. नियम होईपर्यंत आपल्या पुढच्या रिव्ह्यू बैठकीत तो मागायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.