मालकाचा कणा

वृत्तपत्राचे स्वातंत्र्य संपादकाच्या लेखणीत असते, हे अर्धसत्य होय. उरलेले अर्धे मालकाच्या कण्यात असते. 'इंडियन एक्स्प्रेस'चे रामनाथ गोएंका (१९०४-१९९१) यांचे जीवन याची साक्ष देते.

१९४२ च्या आंदोलनात इंग्रजांचे निर्बंध मानून पत्र चालवण्यापेक्षा ते बंद ठेवणे त्यांनी पत्करले. पुढे घटना समितीचे सदस्य झालेले गोएंका १९७१ साली जनसंघाचे उमेदवार म्हणून विदिशातून लोकसभेत गेले. आणीबाणी लादली जाताच २८ जून १९७५ च्या अंकात 'एक्स्प्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. सरकारने संचालक मंडळात आपली माणसे बसवली, वीज तोडली, जाहिराती रोखल्या. तरी हा वृद्ध नमला नाही. १९८१ साली अरुण शौरींनी 'प्रतिष्ठान' प्रकरण चव्हाट्यावर आणले, तेव्हाही गोएंका पाठीशी उभे राहिले. जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांना पायउतार व्हावे लागले.

मात्र याच शौरींना गोएंकांनी १९८२ साली आणि पुन्हा १९९० साली दूर केले, हेही विसरता कामा नये. राजकारणात उतरलेला मालक हे दुधारी शस्त्र आहे. ज्या हाताने तो सत्तेला रोखतो, त्याच हाताने संपादकालाही हटवू शकतो.

म्हणून सकाळी पत्र हाती घेताना सुजाण वाचकाने एकच प्रश्न विचारावा: ते काढणारा सत्यासाठी काय गमावण्यास सिद्ध आहे? गोएंकांनी अवघा उद्योग पणाला लावला होता. त्यांचे मोठेपण तेवढ्यातच आहे, आणि ते थोडे नाही.